सरकलेलं भिंग आणि बर्फाची थर्मास

सुमेधा (नाव बदललं आहे) माझ्याकडे पहिल्यांदा आली ती मे महिन्यात. बाहेर 45 अंश. उमरेडच्या पुढच्या एका गावाहून बसने आलेली, आईच्या पदराला धरून चालणारी नऊ वर्षांची, वयाच्या मानाने खूपच उंच आणि काटकुळी मुलगी. नाकावर जाड चष्मा. शाळेतल्या तपासणीत वजा 8 नंबर निघाला होता, सहा महिन्यांनी तो वजा 12 झाला आणि चष्मेवाल्यानेच सांगितलं, की आता नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

"डॉक्टरसाहेब, हिले पायऱ्याच दिसत नाही जी," आई म्हणाली. "चष्मा लावूनबी ठेचकाळते."

लहान मुलाचा नंबर सहा महिन्यांत चाराने वाढला, तर तो नुसता नंबर नसतो. स्लिटलॅम्पवर तिची हनुवटी टेकवली आणि तिला उजवीकडे-डावीकडे बघायला सांगितलं. तेवढ्यानेच बुबुळाचा रंगीत पडदा थरथरत होता. या पडद्याला मागून भिंगाचा आधार असतो. तो सुटला, की पडदा असा पाण्यावरच्या कापडासारखा हलतो. औषध घालून बाहुली मोठी केल्यावर भिंगाची वरची कड स्पष्ट दिसली. दोन्ही डोळ्यांतली भिंगं जागा सोडून खाली, नाकाच्या बाजूला सरकली होती.

मी केसपेपरवर लिहिलं, 'भिंग सरकलेलं, मारफान?' आणि शस्त्रक्रियेची तारीख देण्यासाठी डायरी काढली.

इथे जरा थांबतो, कारण ही ओळ लिहिताना मी चुकत होतो. उंच, सडपातळ मूल, लांब बोटं आणि सरकलेलं भिंग असं दिसलं, की आम्हा डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तोंडी पहिलं नाव मारफानचं येतं. जास्त वेळा ते बरोबरही असतं. पण मारफानमध्ये भिंग बहुधा वर आणि बाहेर सरकतं. ते खाली आणि आत सरकलं असेल, तर दुसऱ्या एका आजाराचा विचार करायचा असतो, त्याचं नाव होमोसिस्टिन्युरिया. हे एम.एस.च्या परीक्षेत मी स्वतः लिहून आलो होतो. पण परीक्षेत लिहिलेलं सगळं ओपीडीत पन्नास पेशंट बाहेर बसलेले असताना आठवतंच असं नाही.

आठवण करून दिली ती तिच्या आईने, अगदी सहज. मी डायरीची पानं चाळत होतो आणि ती म्हणाली, "हिचा मोठा भाऊबी असाच उंच होता. त्यालेबी चष्मा होता."

होता?

तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. मुलगा चौदा वर्षांचा होता. उन्हाळ्यातच दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या, मग डोकं दुखायला लागलं, मग उजवी बाजू लुळी पडली. "लकवा मारला म्हणे." चौथ्या दिवशी गेला. कागदांत मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट होता. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाल्याचं त्यात लिहिलं होतं. चौदा वर्षांच्या मुलाला अशी गुठळी का व्हावी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी डायरी मिटली.

होमोसिस्टिन्युरिया हा डोळ्याचा आजार नाही. तो शरीराच्या रसायनशाळेतला जन्मजात बिघाड आहे आणि डोळा ही त्याची सगळ्यात आधी दिसणारी खिडकी आहे. डाळ, दूध, अंडी, मटण, कशातूनही आपण जी प्रथिनं खातो, त्यांत मेथिओनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. शरीर ते वापरतं आणि त्यातून होमोसिस्टीन तयार होतं. होमोसिस्टीन हा मधला माल आहे. तो साठवायचा नसतो, पुढे पाठवायचा असतो. त्याला जायला मुख्यतः दोन रस्ते आहेत. एक परत मेथिओनिनकडे जातो, त्यासाठी ब12 आणि फॉलिक आम्ल लागतं. दुसरा पुढे सिस्टीनकडे जातो, त्यासाठी एक विशिष्ट एन्झाइम लागतं आणि त्या एन्झाइमला ब6 जीवनसत्त्वाची साथ लागते. हे एन्झाइम जन्मतःच दुबळं असलं, की दुसरा रस्ता बंद. संध्याकाळी सात वाजता सीताबर्डीच्या व्हरायटी चौकातली एक बाजू अडवली, तर काय होईल याची कल्पना नागपूरकरांना वेगळी द्यायला नको.

साचलेलं होमोसिस्टीन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतं आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. हाडं ठिसूळ होतात, काही मुलं अभ्यासात मागे पडतात, बऱ्याच जणांचे केस भुरे असतात. सुमेधाचे होते. मी ते खाण्यापिण्यातल्या कमतरतेच्या खात्यावर टाकले होते. डोळ्यातलं भिंग ज्या बारीक तंतूंनी टांगलेलं असतं ते तंतू या आजारात झिजतात, तुटतात. उपचार न मिळालेल्या मुलांत हे जन्मल्या जन्मल्या होत नाही. पहिल्या दोन वर्षांत भिंगं सहसा जागेवरच असतात आणि दहाव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांची सरकलेली असतात. मधली वर्षं आपल्या हातात असतात, पण त्या वर्षांत कोणालाच काही माहीत नसतं.

हा आजार तसा नवा. 1962 साली बेलफास्टमध्ये मतिमंद मुलांच्या लघवीची तपासणी करताना कार्सन आणि नील या दोन संशोधकांना तो सापडला. त्याच सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्येही. दोन वर्षांत त्यामागचं एन्झाइमही कळलं. आता निदानासाठी रक्तातलं होमोसिस्टीन मोजतात, आणि इथे नागपूरच्या उन्हाळ्याचा संबंध येतो.

रक्त काढून नळीत ठेवलं, तरी तांबड्या पेशी आपलं काम करत राहतात आणि होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. नळी तासभर खोलीत पडून राहिली, तर आकडा खोटाच वाढतो. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवायची आणि लवकरात लवकर पेशी वेगळ्या करायच्या. आमच्या पहिल्या नमुन्याचं काय झालं ते मला नीट कळलंच नाही; कोणाच्या तरी दुचाकीच्या डिकीतून तो दुपारी दोन वाजता गेला एवढं कळलं. तो आकडा मी धरलाच नाही. दुसऱ्या वेळी माझ्या दवाखान्यातली नर्स घरून पाण्याची थर्मास घेऊन आली, त्यात शेजारच्या रसवंतीवाल्याकडून आणलेला बर्फ भरला आणि ती स्वतः रिक्षाने जाऊन नळी देऊन आली. आकडा आला 212. निरोगी माणसात तो साधारण 15 च्या खाली असतो. त्याच रक्तात मेथिओनिनही वाढलेलं होतं.

मेथिओनिनचा हा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे, कारण हे वाचून कोणी आपला जुना रिपोर्ट काढून घाबरू नये. आपल्याकडे होमोसिस्टीन थोडं वाढलेलं असणं अजिबात दुर्मीळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासांतून ब12 ची कमतरता आपल्या लोकांत, विशेषतः शाकाहारी लोकांत, किती पसरलेली आहे हे समोर आलं. ब12 कमी असेल, तर पहिला रस्ता अडतो आणि होमोसिस्टीन 20, 30, कधी त्याहून वर जातं. ते ब12 घेऊन खाली येतं. तो हा आजार नव्हे. त्यात मेथिओनिन वाढत नाही, भिंग सरकत नाही. चाळिशीतल्या माणसाचा 24 आकडा आणि नऊ वर्षांच्या मुलीचा 212 या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपचाराची सुरुवात एका स्वस्त गोळीने होते, ब6 म्हणजे पायरिडॉक्सिन. साधारण निम्म्या रुग्णांत उरलंसुरलं एन्झाइम मोठ्या डोसच्या ब6 ने जागं होतं. पण आधी ब12 आणि फॉलिक आम्ल भरून काढावं लागतं, नाहीतर गोळी निष्कारण नापास होते. (मोठ्या डोसचं ब6 वर्षानुवर्षं मनाने घेतलं, तर हातापायांच्या नसा बिघडतात. म्हणून डोस ठरवायचं काम डॉक्टरांवर सोडा.) सुमेधाचं ब12 तळाला होतं. ते भरलं, ब6 सुरू केलं, आणि काही आठवड्यांनी आकडा 88 झाला. 50 च्या खाली आणायचा होता. म्हणजे गोळी अर्धी पास. पुढे दोन गोष्टी लागतात. एक बीटेन नावाचं औषध. ते होमोसिस्टीनला परतीच्या आणखी एका आडवाटेने पाठवतं, पण ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. दुसरा आहार.

आहाराचं सांगताना मला घाम फुटला. आजवर प्रत्येक आईला मी 'प्रथिनं वाढवा, अंडं द्या, दूध द्या' असं सांगत आलो आहे, आणि या आईला सांगायचं होतं, की दूध मोजून, अंडं बंद, मटण-मासे बंद, पनीर बंद, डाळही वाटी ठरवून. आहारतज्ज्ञ ताईंनी भाकरी, भात, भाज्या, फळं यांचं गणित मांडून दिलं. संत्री हवी तेवढी, हे ऐकून सुमेधा पहिल्यांदा हसली. संक्रांतीचा तीळगूळ मात्र नाही, कारण तिळात मेथिओनिन भरपूर. ही गोष्ट मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. वाढत्या मुलाची प्रथिनं नुसती कमी करून चालत नाहीत. मेथिओनिन काढून टाकलेली खास प्रथिनांची पावडर द्यावी लागते आणि ती महाग असते. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात होमोसिस्टिन्युरियाचं नाव आहे, आणि त्यासाठी ठरवलेल्या केंद्रांपैकी एक मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. म्हणजे आई, बाप, मुलगी आणि विदर्भ एक्सप्रेसची तिकिटं. कापूस वेचणीच्या दिवसांत दोघांचीही मजुरी बुडवून ते जाऊन आले. नुसतं 'मुंबईला दाखवा' असं चिठ्ठीवर लिहिताना आपण काय लिहितो आहोत, हे मी तेव्हापासून जरा विचार करून लिहितो.

शस्त्रक्रिया मी पुढे ढकलली होती. रक्त आधी ताळ्यावर आणायचं, मग भूल. पण तिच्या डाव्या डोळ्याने वाट पाहिली नाही. एका रात्री तिच्या वडिलांचा फोन आला, की पोरगी डोळा धरून रडते आणि ओकते आहे. गावात कोणीतरी पित्ताचं इंजेक्शन दिलं होतं. पहाटे तीन वाजता एका मालवाहू टेम्पोत मागे गादी टाकून तिला आणलं. भिंग बाहुलीतून पुढे निसटून बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला टेकलं होतं. पाण्याचा रस्ता अडला होता आणि डोळ्याचा दाब 46 होता. एवढा दाब काही दिवस राहिला, तर मज्जातंतू कायमचा मरतो.

अशा वेळी भिंगाला आलेल्या वाटेने परत पाठवायचं असतं. बाहुली औषधाने मोठी करायची, मूल उताणं झोपवायचं, मान सरळ, आणि गुरुत्वाकर्षणाला काम करू द्यायचं. दाब उतरवायला मॅनिटॉल शिरेतून देतात. पण मॅनिटॉल शरीरातलं पाणी काढतं, आणि हिच्या भावाला नेमकं पाणी कमी होऊनच काय झालं होतं ते माझ्या डोळ्यासमोर होतं. म्हणून बालरोगतज्ज्ञांना झोपेतून उठवलं आणि दुसऱ्या हाताला सलाईन लावूनच मोजकं मॅनिटॉल दिलं. सकाळी साडेपाचच्या सुमाराला भिंग मागे गेलं. मग बाहुली आकुंचित करणारे थेंब घातले, म्हणजे दार लागलं. बाहेर आलो तर तिचे वडील बाकावर बसून टेम्पोवाल्याचं भाडं मोजत होते.

त्यानंतर थांबण्यात अर्थ नव्हता. शस्त्रक्रिया डोळ्याच्या दृष्टीने फार अवघड नाही. माझ्या पडद्याच्या सर्जन मित्राने भिंग मागच्या बाजूने, आतल्या जेलीच्या थोड्या भागासकट काढलं. नेहमीच्या मोतीबिंदूसारखं कृत्रिम भिंग तिथे बसवता येत नाही, त्याला टेकायला जागाच नसते. त्याऐवजी चष्मा. खरी भीती डोळ्याबाहेरची असते. या मुलांना भूल देताना आणि नंतरचे काही दिवस गुठळीचा धोका असतो. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी मला आधी विचारलं, "नायट्रस ऑक्साइड वापरायचा नाही, माहिती आहे ना?" मला माहिती नव्हतं. तो वायू ब12 निकामी करतो, म्हणजे उरलेला एक रस्ताही बंद. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं हा आमचा नेहमीचा शिरस्ता, पण तिला उपाशी ठेवल्या क्षणापासून सलाईन लावलं, यादीत पहिला नंबर दिला, पायात घट्ट मोजे घातले, आणि शुद्धीवर आल्यावर दोन तासांत तिला कॉरिडॉरमध्ये चालवलं. दुसऱ्या डोळ्याचं काम दोन महिन्यांनी केलं. आता नव्या चष्म्याने ती 6/12 ची ओळ वाचते. पायऱ्या दिसतात. पडदा सरकण्याचा धोका तिला आयुष्यभर आहे. डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा चमक दिसली, की त्याच दिवशी यायचं, हे तिच्याकडून मी दरवेळी म्हणवून घेतो.

तिला एक धाकटा भाऊ आहे, अडीच वर्षांचा. त्याचं रक्तही याच थर्मासमधून गेलं. त्याचाही आकडा मोठा आला. रिपोर्ट हातात घेऊन वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मामाची पोरगी केली म्हणून झालं का हे?" आई खाली बघत होती. घरात हे आधी बोललं गेलं होतं आणि कोणाच्या माथी मारलं गेलं होतं, ते सांगायची गरज नव्हती.

विदर्भात हे समजावून सांगायला एक सोय आहे, ती म्हणजे सिकलसेल. गावोगावच्या तपासण्यांमुळे पिवळं कार्ड आणि लाल कार्ड लोकांना माहीत आहे. मी म्हटलं, तुम्ही दोघंही पिवळ्या कार्डासारखे आहात, स्वतःला काही त्रास नाही, पण प्रत्येकाकडे एक-एक बिघडलेली प्रत आहे. मुलाला दोघांकडूनही बिघडलेलीच मिळाली, तरच आजार. दर वेळी चारात एक शक्यता. अर्धं तिच्याकडून, अर्धं तुमच्याकडून. जवळच्या नात्यात लग्न झालं, की दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते, कारण आजी-आजोबा एकच. कतारमध्ये असंच होऊन हा आजार साधारण 1800 जन्मांमागे एक इतका आढळतो. त्यात तिचा दोष नाही, तुमचाही नाही. वडिलांनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी त्यांच्या आईला काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

धाकट्याला ब6 तेवढं लागू पडत नाही, त्याचं बीटेन आणि आहारावर चाललं आहे. दर तीन महिन्यांनी मी त्याची बाहुली मोठी करून बघतो. तो खूप रडतो, माझी टॉर्च हिसकावतो. भिंगं दोन्हीकडे मधोमध आहेत. गेल्या मंगळवारीही होती.

एक गोष्ट राहिली. सुमेधाच्या निदानानंतर आठवडाभर मला झोप लागली नाही, कारण मला 2009 चा एक मुलगा आठवत होता. अकरा वर्षांचा, उंच, दोन्ही भिंगं सरकलेली. मी तेव्हा दुसऱ्या ठिकाणी काम करायचो. पेपरवर 'मारफान' लिहिलं, रक्त तपासलं नाही, भूल देऊन डोळा केला. छान झाला. बापाने संत्र्यांची पेटी आणून दिली होती. भिंग त्याचं कुठल्या बाजूला सरकलं होतं, ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला.

जुन्या ठिकाणी जाऊन रजिस्टर शोधलं. नाव, गाव आणि बंद पडलेला फोन नंबर मिळाला. नंबर, दृष्टी, दाब सगळं नोंदवलेलं. भिंगाची दिशा नाही. गावच्या आरोग्यकेंद्रात फोन केला. तिथल्या आशाताई म्हणाल्या, की ते कुटुंब बरेच दिवस झाले कामाला सुरतकडे गेलं, मुलगा आता मोठा असेल, दिवाळीत कोणी आलं तर विचारते. दिवाळीनंतर मी परत फोन केला. कोणी आलं नव्हतं. माझा नंबर त्यांनी वहीत लिहून ठेवला आहे.